पोर्टेबल गिटार ॲम्प पुन्हा पुन्हा गप्प होतोय? सोल्डर राहू द्या, आधी नट बघा

माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या एका मुलाचा छोटा ॲम्प वर्षभरात तीनदा दुरुस्तीला आला. तक्रार दरवेळी तीच: "सर, वाजवता वाजवता आवाज जातो. पिन जरा हलवली की येतो परत." पहिल्या वेळी मागचं झाकण काढलं तर इनपुट जॅकच्या, म्हणजे गिटारची केबल जिथे खोचतात त्या भोकाच्या, पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर दिसली. सोल्डरिंग आयर्न टेकवून ती बुजवली, आवाज खणखणीत आला, मी स्वतःवर खूश. चार महिन्यांनी तीच चीर, त्याच जागी. दुसऱ्यांदा मी सढळ हाताने सोल्डर घातलं, स्लॅब टाकल्यासारखं. तिसऱ्यांदा ॲम्प टेबलावर ठेवताना बोट सहज जॅकच्या बाहेरच्या नटाला लागलं आणि नट भिंगरीसारखा फिरला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जॅक पेटीला घट्ट आवळलेला असतो तेव्हा केबलचा सगळा ओढा पेटी सोसते. नट सैल झाला की तोच ओढा आतल्या बोर्डावरच्या तीन-चार सोल्डरच्या थेंबांवर येतो. कोणी केबलवर पाय दिला, कोणी पिन तिरकी ओढली, की प्रत्येक वेळी ते थेंब थोडे थोडे वाकतात आणि एक दिवस तडकतात. मी दोनदा तडा बुजवला आणि तडा पाडणारा तसाच मोकळा सोडला. नट आवळून दीड वर्ष झालं, तो ॲम्प परत आलेला नाही.

छोट्या ॲम्पच्या दुखण्यांबद्दल जे काही सांगणार आहे ते या एका गोष्टीभोवतीच फिरतं. आतली चिप सहसा जात नाही. जातं ते हलणारं: जॅक, सेलच्या पट्ट्या, चार्जिंगचं भोक, व्हॉल्यूमचं बटण, स्पीकरची वायर. आणि दुखणं परत येतं, कारण आपण दिसणारी जखम शिवतो आणि तिला रोज खेचणारा हात तसाच राहतो.

मी बोलतोय ते बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या ॲम्पबद्दल. सहा पेन्सिल सेलवाले (रोलँडचा मायक्रो क्यूब, बॉसचा कटाना मिनी, ब्लॅकस्टारचा फ्लाय ३ हे सगळे त्याच जातीचे), नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारे आणि पट्ट्याला अडकवता येणारे मार्शल एमएस-२ सारखे, आणि आतच लिथियमची बॅटरी असलेले नवे. या घराण्याचा एक मूळपुरुष म्हणजे १९७० च्या दशकातला अमेरिकन पिगनोज; त्याचं व्हॉल्यूमचं बटण खरोखर डुकराच्या नाकाच्या आकाराचं होतं आणि तोही सहा पेन्सिल सेलवरच चालायचा. थेट भिंतीतल्या प्लगवर चालणारे मोठे ॲम्प, आणि विशेषतः व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, यात धरू नका. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये कित्येकशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. ते झाकण जाणत्याशिवाय कोणी उघडू नये.

गुन्हेगार ॲम्पच आहे का?

दहातल्या निदान चार-पाच वेळा "ॲम्प बिघडला" म्हणून आलेला ॲम्प ठणठणीत असतो. हा माझ्या टेबलावरचा अंदाज आहे, पाहणी नव्हे. त्यामुळे पेचकस हातात घेण्याआधी दोन मिनिटं द्या.

दुसरी केबल लावा. मित्राकडून मागून आणा, पण दुसरी लावाच. केबल मधे कुठे तुटत नाही, पिनपाशी तुटते, जिथे ती सगळ्यात जास्त वाकते. मोल्ड केलेली पिन असेल तर उघडता येत नाही. कापून नवी पिन लावणं एवढंच हातात राहतं.

मग केबलचं एक टोक ॲम्पमध्ये ठेवा, आवाज अगदी कमी करा आणि दुसऱ्या टोकाच्या पिनच्या टोकाला बोट लावा. घूं असा आवाज आला म्हणजे केबल आणि ॲम्प दोन्ही जिवंत आहेत. दोष गिटारमध्ये शोधा. हा आवाज तुमच्या अंगाने गोळा केलेल्या घरातल्या विजेचा असतो, त्यामुळे माळरानावर बॅटरीवरचा ॲम्प लावून ही चाचणी घेतलीत तर काहीच ऐकू यायचं नाही. घाबरून जाऊ नका.

गिटारमधला जॅकही नटानेच बसवलेला असतो आणि तोही सैल होतो. आवळताना एक चूक बहुतेक सगळे करतात: बाहेरून पाना लावून फिरवत राहतात. नट आवळला जात नाही, आख्खा जॅक आत गरगर फिरतो आणि त्याच्या दोन वायरी दोरीसारख्या पिळल्या जाऊन तुटतात. जॅक आतून धरा, मगच नट फिरवा. पोकळ अकूस्टिकमध्ये आत हात जात नसेल तर जॅकच्या भोकात बसेल असं काहीतरी, जुनी पिन किंवा पेन्सिल, तिरकं दाबून धरलं तरी जॅक थांबतो.

इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारमध्ये आणखी एक चोर असतो. तिच्या आतल्या प्रीॲम्पची (गिटारचा क्षीण आवाज ॲम्पकडे जाण्याआधी वाढवणाऱ्या सर्किटची) नऊ व्होल्टची बॅटरी केबल खोचली की चालू होते आणि काढली की बंद. तिथे वेगळा स्विच नसतो, पिन हाच स्विच. रात्रभर केबल खोचून ठेवलीत की सकाळी बॅटरी मान टाकते, आणि दोष जातो ॲम्पवर: "आवाज फाटतोय, दबका येतोय." त्याच गिटारला स्टीरिओ केबल, म्हणजे पिनवर दोन काळे पट्टे असलेली, लावलीत तर हा स्विच लागतच नाही आणि गिटार मुकी राहते. एका काळ्या पट्ट्याची साधी केबलच हवी.

पिन हलवल्यावर खरखर

हे सगळ्यात जास्त येणारं दुखणं, म्हणून इथे जरा थांबतो.

गिटारची ६.३५ मिलिमीटरची पिन मुळात एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडली. ऑपरेटर बाई दिवसभर खोचायच्या आणि काढायच्या, म्हणून ती दणकट. तेव्हाचे जॅकही पितळेचे आणि भक्कम पट्टीचे असत. आजच्या छोट्या ॲम्पमध्ये तोच जॅक प्लास्टिकच्या डबीत, पातळ पट्टीचा आणि थेट बोर्डावर सोल्डर केलेला असतो. पिन जुन्या जमान्याची, घर नव्या जमान्याचं. भार घरावर येतो.

खरखर तीन ठिकाणांहून येते आणि तिन्हींची चाल वेगळी असते. पिन जागच्या जागी गोल फिरवली की खरखर होते आणि फिरवत राहिलं की कमी होत जाते: आतल्या पट्टीवर ऑक्साइड बसलंय. पिन वर-खाली दाबली की आवाज येतो-जातो: सोल्डर तडकलंय. पिन पूर्ण आत जाऊनही ढिली वाटते, "टक्" होऊन बसत नाही: पट्टीचा ताण गेलाय.

पहिल्यावर इलाज सोपा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक बारीक फवारा पिनवर मारा, जॅकमध्ये नाही. ओली पिन पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करा, पुसा, परत करा. अर्थात ॲम्प बंद ठेवून. सायकलच्या साखळीला मारतात तो गंज काढायचा स्प्रे वापरू नका. त्या दिवशी फरक पडतो, पण मागे राहिलेल्या तेलावर धूळ बसते आणि दोन महिन्यांत खरखर दुप्पट होऊन परत येते. "स्प्रे मारला होता, थोडे दिवस चाललं" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठला स्प्रे.

तडकलेल्या सोल्डरसाठी झाकण उघडावं लागतं. सेल काढा, ॲडॉप्टर काढा. बोर्ड बाहेर काढताना स्पीकरच्या दोन वायरी आणि सेलच्या दोन वायरी कुठून कुठे जातात त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी काढत नाही आणि दरवेळी पस्तावतो. जॅकच्या पायांवर प्रकाश तिरका पाडा. चांगलं सोल्डर चकचकीत आणि डोंगरासारखं उतरतं असतं, तडकलेल्याला पायाभोवती मळकट कडं दिसतं. पंचवीस वॅटचं आयर्न पुरतं. नुसतं वरून नवं सोल्डर थापू नका. जुनं थोडं फ्लक्स लावून वितळवा, ओढून काढा आणि मग नवं द्या. दोन-तीन सेकंदांत काम झालं पाहिजे. त्यापेक्षा जास्त वेळ टेकवलंत तर बोर्डावरचा तांब्याचा पट्टा सुटतो आणि मग खरं रडगाणं सुरू होतं.

झाकण लावण्याआधी नट आवळा. नटाखाली दातेरी वॉशर नसेल तर घाला, दोन-तीन रुपयांची वस्तू आहे. आणि केबल ॲम्पच्या हँडलमधून एकदा ओवून मग जॅकमध्ये लावायची सवय लावून घ्या. कोणी अडखळलं तर झटका हँडलला बसतो. माझ्या त्या विद्यार्थ्याचा ॲम्प नटाने वाचला की या सवयीने, याचं श्रेय मी नटाला देतो, कारण सवय त्याने आठवडाभरातच सोडली.

सेल, ॲडॉप्टर आणि चार्जिंग

दिवा लागतो पण जोरात वाजवलं की आवाज तुटतो, किंवा खर्जाची तार छेडली की ॲम्प क्षणभर बंद पडून परत सुरू होतो. काही वेळा तर काही न वाजवताच "पुट् पुट् पुट्" असं जुन्या मोटरबोटीसारखं ऐकू येतं. हे थकलेल्या सेलचं लक्षण. दिव्याला जेमतेम काही मिलिअँपिअर लागतात, खर्जाच्या ठोक्याला शेकड्याने. सेल बाहेर काढून मल्टिमीटर लावला तर दीड व्होल्ट छान दिसतो आणि आपण फसतो. सेल ॲम्पमध्येच ठेवून, वाजवत असताना मोजा. आकडा किती खाली बसतो ते बघा.

सहा सेलपैकी दोनच नवे घालण्याची काटकसर महागात पडते. जुन्यातला सर्वांत अशक्त सेल आधी रिकामा होतो, बाकीचे पाच त्याच्यातून विद्युतप्रवाह ढकलतच राहतात, त्याचे धन-ऋण उलटे होतात, आणि तोच सेल गळतो. बदलायचे तर सहाच्या सहा, एकाच पाकिटातले.

रिचार्जेबल पेन्सिल सेल वापरणाऱ्यांसाठी: तो १.२ व्होल्टचा असतो, साधा १.५ चा. म्हणजे सहांचे ९ ऐवजी ७.२ व्होल्ट. ॲम्प चालतो, फक्त जोरात वाजवल्यावर थोडा लवकर फाटतो आणि बॅटरी संपल्याचा दिवा उगाच लवकर लागतो. हा बिघाड नव्हे. मी तेच वापरतो.

गळलेल्या सेलने पट्टीवर पांढरी-हिरवट बुरशी आली असेल तर आधी सेल कुठल्या प्रकारचा होता ते बघा. अल्कलाइन सेलमधून निघतं ते अल्कलीच, त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर कापसाच्या काडीने लावलं की बुडबुडे येऊन सुटतं. स्वस्तातल्या झिंक-कार्बन सेलमधलं आम्लधर्मी असतं, तिथे खायच्या सोड्याचं पाणी. दोन्हींनंतर स्पिरिटने पुसून वाळवा. पट्टीची निकेलची चमक गेली असेल तर पॉलिश पेपरने घासण्याचा मोह आवरा. खालचं लोखंड उघडं पडतं आणि पावसाळ्यात गंजतं. पट्टी बदललेली बरी. सेल घट्ट बसत नसेल तर स्प्रिंग चिमट्याने थोडी बाहेर ओढा. सेल आणि पट्टीत चॉकलेटच्या चांदीच्या कागदाची घडी घालणारे मी पाहिलेत, रस्त्यात अडलेल्याने करावं तसं ते आहे. तो कागद सरकून दोन पट्ट्यांना चिकटला तर शॉर्ट होतो.

आता एक निदान, जे मला कळायला फार उशीर लागला. ॲम्प ॲडॉप्टरवर चालतो पण सेलवर नाही, आणि सेल तर नवे आहेत. ॲडॉप्टरच्या भोकात आत एक छोटा स्विच असतो: पिन आत गेली की तो सेलची वाट तोडतो, बाहेर आली की जोडतो. ती पट्टी वाकली किंवा काळवंडली की पिन काढूनही वाट तुटलेलीच राहते. ॲडॉप्टरची पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करून बघा. पट्टी नुसती चिकटलेली असेल तर सुटते. नाही सुटली तर तो जॅक बदलावा लागतो, वस्तू स्वस्त आहे.

उलटं झालं, म्हणजे सेलवर चालतो पण ॲडॉप्टरवर नाही, तर मला दाट संशय येतो की कोणीतरी वायफाय राउटरचा ॲडॉप्टर लावून बघितलाय. गिटारच्या दुनियेत बऱ्याच पेडलना आणि छोट्या ॲम्पना आतली टोचणी ऋण आणि बाहेरचं कडं धन लागतं. घरातल्या राउटरचा, सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर बहुधा बरोबर उलटा असतो. पिन बसते, व्होल्ट जुळतात आणि संरक्षणासाठी बसवलेला डायोड बळी जातो. ॲडॉप्टरवर आणि ॲम्पवर गोल-अर्धगोलाचं छोटं चिन्ह असतं, त्यात आतल्या टिंबाला कुठली खूण जोडली आहे ते दोन्हीकडे सारखं पाहिजे. व्होल्ट सारखे पाहिजेत. अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात, ॲम्प लागतील तेवढेच घेतो.

आत लिथियम बॅटरी असलेला नवा ॲम्प चार्ज होत नसेल तर केबल बदला, आणि शक्यतो जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरमधून यूएसबी-सी पोर्टमध्ये जाणारी केबल लावून बघा. स्वस्त उपकरणांत सी पोर्ट असतो पण त्याच्यामागे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर घालायचे राहून गेलेले असतात. दोन्ही टोकं सी असलेल्या केबलवर चार्जर त्या रेझिस्टरची वाट बघतो आणि वीज सोडतच नाही. लोक ॲम्प परत करून दुसरा आणतात, तोही तसाच निघतो. चौकोनी तोंडाच्या चार्जरला ही भानगड माहीत नसते, तो सरळ पाच व्होल्ट देतो.

वर्षभर कपाटात पडून राहिलेला ॲम्प चार्जिंगला लावल्यावर दिवाही दाखवत नसेल तर काही तास तसाच राहू द्या. बॅटरी फार खाली गेली की तिचं संरक्षक सर्किट कुलूप लावून बसतं आणि हळूहळू उघडतं. मात्र पेटी कुठे फुगलेली, झाकण उचललेलं दिसलं तर चार्जिंग तिथेच थांबवा. फुगलेल्या बॅटरीला टाचणी लावून हवा काढायची कल्पना कोणाच्या डोक्यात आली असेल तर ती तिथेच मारून टाका, ती पेट घेते. ठेवून द्यायचाच असेल ॲम्प तर अर्धा चार्ज करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

घूं आणि घर्रर्र

आधी गिटारचं व्हॉल्यूम शून्यावर न्या. आवाज गेला तर तो गिटारमधून येत होता. राहिला तर केबल, ॲडॉप्टर किंवा ॲम्प. ॲडॉप्टर काढून सेलवर चालवा. आता गेला तर ॲडॉप्टर दोषी. एवढ्यात नव्वद टक्के निकाल लागतो.

उरलेल्यासाठी कान वापरा, गिटारवाल्याकडे मीटर आयता असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सगळ्यात जाड ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा सूर, म्हणजे जी, ९८ हर्ट्झचा. घूं त्या सुराशी जवळजवळ जुळत असेल तर तो १०० हर्ट्झचा आहे: ॲडॉप्टरमधला फिल्टर कपॅसिटर थकलाय. त्याच्या खालच्या सप्तकात असेल, पोटात जाणवणारा, तर तो ५० हर्ट्झचा: तुटलेली अर्थ, उघडी केबल किंवा पिकअपने (तारांखालच्या, त्यांची थरथर विजेत बदलणाऱ्या चुंबक-कॉइलने) हवेतून उचललेली वीज.

सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा, पिकअप असेल तर थोडं गुणगुणणं त्याच्या जन्माला पुजलेलं आहे. म्हणून तर १९५० च्या दशकात गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी दोन उलट्या कॉइलींचा, गुणगुण मारणारा हंबकर पिकअप काढला. खुर्चीवर बसल्या जागी गिटार घेऊन हळूहळू गोल फिरा. एका दिशेला गुणगुण जवळपास नाहीशी होते. तिकडे तोंड करून वाजवा. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर सगळं जागेवर आहे. काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखालची अर्थची वायर सुटलीय. हात लावल्यावर वाढत असेल तर कोणीतरी जॅकच्या दोन वायरी उलट्या जोडल्यात, बहुतेक मागच्या दुरुस्तीत.

घर्रर्र, म्हणजे घूं नाही, करवतीसारखं काहीतरी, आणि तेही फक्त संध्याकाळी? पंख्याकडे बघा. गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असताना विजेची लाट कापून काढतो आणि तो कापल्याचा आवाज गिटार ऐकते. पूर्ण वेगावर किंवा बंद केल्यावर ती शांत होते. एका घरात शिकवताना मी तीन केबली बदलल्या होत्या, मग काकूंनी थंडी वाजते म्हणून पंखा बंद केला. मोबाइल ॲम्पवर ठेवल्यावर येणारं "टिट्-टिट्-टिट्" तर सगळ्यांना माहीत आहे.

लॅपटॉप आणि ॲम्प एकमेकांना जोडल्यावरच किणकिण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. दोन पिनांच्या चार्जरमुळे तारांना हात लावला की झिणझिण्याही येतात. त्या चार्जरच्या आतल्या एका कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या विजेच्या असतात आणि सहसा निरुपद्रवी असतात. पण गणपतीच्या मंडपात ओठाला माइक लागून चटका बसला तर तो निरुपद्रवी समजू नका. तिथल्या जोडणीत अर्थिंग आहे की नाही हे कोणी बघितलेलं नसतं. अशा वेळी ॲम्प सेलवर चालवा आणि मंडळाच्या मिक्सरला जोडू नका, स्पीकरसमोर माइक लावायला सांगा. आणि गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन तोडणाऱ्या मित्रापासून चार हात लांब राहा.

हेडफोनमध्ये वाजतो, स्पीकरमध्ये नाही

हेडफोनच्या जॅकमध्येही तोच स्विच असतो: पिन आत, स्पीकर बंद. पट्टी अडकली की पिन नसतानाही स्पीकर गप्प. पिन वीस वेळा आत-बाहेर. त्याने नाही जमलं तर स्पीकर सोडवा आणि एका पेन्सिल सेलची दोन टोकं वायरीने त्याच्या दोन पायांना क्षणभर टेकवा. "थप्" असा आवाज आला आणि कागद हलला तर स्पीकर जिवंत आहे. मीटरवर ४ ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही. वायर सुटलेली असेल तर ती जोडताना स्पीकरचा एकही पाय पेटीच्या धातूला किंवा अर्थला लागू देऊ नका. नव्या ॲम्पच्या चिपमध्ये दोन्ही पाय जिवंत असतात आणि एक अर्थला लागला की चिप जाऊ शकते.

एखाद्याच सुराला घरघर होते ती बहुधा पेटीतला सैल स्क्रू किंवा जाळी थरथरल्याची. तो सूर लांबवत ठेवा आणि मोकळ्या हाताने पेटीवर जागोजागी दाबत जा. कागद फाटला असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा आणि पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल. हाच इलाज करून मी एक स्पीकर बरीच वर्षं चालवतोय.

व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. इथे मात्र थेंब बटणाच्या आत, त्याच्या पाठीवरच्या फटीतून गेला पाहिजे. दांड्यावर बाहेरून मारून काही होत नाही. साफ करूनही पूर्ण फेऱ्यात एकसारखी खरखर राहिली तर दोष बटणाचा नसून त्याच्या आधीच्या गळक्या कपॅसिटरचा असतो. नवीन बटण टाकून पैसे घालवू नका.

ब्लूटूथ हेडफोनवर गिटार उशिरा ऐकू येते ही तक्रारही येते. तो बिघाड नाही. साध्या ब्लूटूथला दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पन्नास मीटर लांब ठेवलेल्या ॲम्पसमोर वाजवल्यासारखं. वायरचे हेडफोन घ्या. ॲम्पवरचं ब्लूटूथ मोबाइलवरचा ठेका लावण्यापुरतं आहे.

सामान लागतं ते थोडं: साधा मल्टिमीटर, पंचवीस वॅटचं आयर्न, कॉन्टॅक्ट क्लीनर, दोन-तीन जॅक. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. जॅक घ्यायला जाताना जुना सोबत न्या. दिसायला सारखे असतात पण पायांचं अंतर वेगळं असतं, आणि दुकानदार "हाच बसेल" असं प्रत्येकाला सांगतो.

पावसाळ्यातलं एक राहिलं. मालवणकडच्या एका नातेवाइकाचा ॲम्प आला, "पिनच आत जात नाही" म्हणून. खाऱ्या हवेने जॅक गंजला असणार असं मी फोनवरच सांगून टाकलं होतं. उघडून बघतो तर इनपुटचं भोक आतपर्यंत मातीने लिंपलेलं. कुंभारमाशीने घर बांधलं होतं. सहा मिलिमीटरचं गोल भोक, अंधार, कोरडी जागा. तिला याहून चांगला प्लॉट मिळाला नसता. उदबत्तीच्या काडीने माती टोकरून काढली, ब्रशने झटकली, क्लीनर मारला, सुरू झाला. मग त्याने विचारलं की पुढच्या पावसाळ्यात भोकात जुनी पिन खोचून ठेवू का. नको म्हटलं. हेडफोनच्या भोकात खोचलीस तर स्पीकर बंद राहील आणि तू परत फोन करशील, आणि काही ॲम्प इनपुटची पिन आत गेली की चालू होतात, त्यांचे सेल पंधरा दिवसांत संपतील. कागदी चिकटपट्टी लाव दोन्ही भोकांवर.